एका ‘आणि’चा इतिहास : लिटल जो आणि तेहानो संगीत

एखाद्या वाद्यवृंदाने आपले नाव बदलावे, ही घटना संगीताच्या इतिहासात तळटीपेइतकीच जागा घेते. परंतु काही नावे अशी असतात की त्यांच्या बदलात एका समाजाचे आत्मभान कूस बदलताना दिसते. अमेरिकेतील टेक्सस राज्यातला एक वाद्यवृंद १९७० पर्यंत ‘लिटल जो अँड द लॅटिनेअर्स’ या नावाने ओळखला जाई. त्या वर्षी तो ‘लिटल जो ई ला फामिलिया’ झाला. प्रमुख गायक तोच राहिला, त्याचे इंग्रजी टोपणनावही तेच राहिले. बदलला तो समूहवाचक शब्द, आणि त्याच्या आधीचे उभयान्वयी अव्यय. इंग्रजी ‘अँड’च्या जागी स्पॅनिश ‘ई’ आला. दोन्हींचा अर्थ ‘आणि’ एवढाच. प्रस्तुत लेखात आम्हांला या ‘आणि’चाच इतिहास सांगायचा आहे.

मराठी समीक्षेत दलित साहित्याच्या निमित्ताने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची चर्चा पुष्कळ झाली. त्याच देशातील मेक्सिकन वंशाच्या लोकांचे, म्हणजे चिकानो समाजाचे, साहित्य आणि संगीत मात्र आपल्या अभ्यासाच्या परिघाबाहेरच राहिले. म्हणून लिटल जो यांच्याकडे वळण्यापूर्वी त्यांच्या भूमीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे.

‘तेहानो’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ ‘टेक्ससचा रहिवासी’. हा प्रदेश प्रथम स्पेनच्या ताब्यात होता. १८२१ मध्ये तो स्वतंत्र मेक्सिकोचा भाग झाला, १८३६ मध्ये त्याने स्वतःला प्रजासत्ताक म्हणून घोषित केले, १८४५ मध्ये तो अमेरिकी संघराज्यात सामील झाला आणि १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गो तहानंतर रिओ ग्रांदे नदी ही दोन देशांची सीमा ठरली. तेव्हा तेहानो समाजाचा एक मोठा भाग स्थलांतर करून अमेरिकेत आला हे जितके खरे, तितकेच त्यातल्या काहींचे पूर्वज जागचे हललेच नाहीत, हलली ती सीमा, हेही खरे. आपल्याच गावात परके ठरण्याचा हा अनुभव तेहानो संस्कृतीच्या मुळाशी आहे. १९१८ मध्ये टेक्ससने शाळांत इंग्रजीखेरीज अन्य भाषेतून शिकवणे हा कायद्याने गुन्हा ठरवला. शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना शिक्षा करण्याची रीत साठच्या दशकापर्यंत टिकून होती. द्विभाषिक शिक्षणाला राज्याच्या कायद्याने मान्यता मिळाली ती १९७३ मध्ये. ज्या भाषेत घरी अंगाई ऐकली त्या भाषेबद्दल शाळेत छडी खावी लागते, अशा मुलांच्या पिढीत आपल्या कथानायकाचा जन्म झाला.

या समाजाच्या संगीताचे दोन प्रवाह होते. पहिला ‘कॉन्हुन्तो’. टेक्ससमध्ये जर्मन आणि चेक शेतकऱ्यांच्या वसाहती होत्या. ॲकॉर्डियन आणि पोल्का नृत्य ही त्या युरोपीय शेजाराची देणगी. मेक्सिकन शेतमजुरांनी ॲकॉर्डियन उचलला, त्याला बारा तारांच्या ‘बाहो सेक्स्तो’ या घनगंभीर वाद्याची जोड दिली, आणि एक सर्वस्वी नवे लोकसंगीत जन्मास आले. नार्सिसो मार्तिनेस या वादकाने तीसच्या दशकाच्या मध्यापासून केलेल्या ध्वनिमुद्रणांनी या शैलीचा पाया घातला. दुसरा प्रवाह ‘ओर्केस्ता’चा. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, पियानो, सूटबूट घातलेले वादक आणि समोर ठेवलेली लिखित स्वरलिपी असा त्याचा थाट. बेतो विया यांनी तो दुसऱ्या महायुद्धानंतर लोकप्रिय केला. १९४६ मध्ये ॲलिस या छोट्या गावात सुरू झालेल्या ‘आयडियल’ या ध्वनिमुद्रण कंपनीने दोन्ही प्रवाहांना आश्रय दिला. मोठ्या अमेरिकी कंपन्यांनी महायुद्धाच्या काळात या संगीताकडे पाठ फिरवली होती, ती पोकळी स्थानिक उद्योजकांनी भरून काढली. पुढे इसिद्रो लोपेस यांनी ओर्केस्तात ‘रांचेरा’ गायकी, म्हणजे मेक्सिकन ग्रामीण भावगीताची धाटणी, आणून वादकांमागे दडलेल्या गायकाला मध्यभागी उभे केले.

या दोन प्रवाहांचा सर्वांत साक्षेपी अभ्यास मानुएल पेन्या यांनी केला आहे. १९८५ मध्ये कॉन्हुन्तोवर आणि १९९९ मध्ये ओर्केस्तावर त्यांचे ग्रंथ आले. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे : कॉन्हुन्तो हे कष्टकऱ्यांचे संगीत, तर ओर्केस्ता हे शहरांत स्थिरावू पाहणाऱ्या, अमेरिकी समाजात मान्यता मिळवू इच्छिणाऱ्या मध्यमवर्गाचे. या मध्यमवर्गीय डौलासाठी तेहानो बोलीत ‘हायतोन’ असा शब्द आहे. इंग्रजीतील ‘हाय टोन’चे हे स्पॅनिश वळणाचे रूप. वरच्या वर्गाची ओढ आणि तिची थट्टा, दोन्ही या एकाच शब्दात सामावल्या आहेत.

आता आपल्या कथानायकाकडे. होसे मारिया दे लेऑन एर्नांदेझ यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९४० रोजी मध्य टेक्ससमधील टेंपल या रेल्वेच्या गावी झाला. तेरा भावंडांतले ते सातवे. घरची कमालीची गरिबी. कापूस वेचणे हा सर्व कुटुंबाचा उद्योग. टेंपल हे गाव तेहानो संगीताच्या माहेरघरापासून, म्हणजे दक्षिण टेक्ससपासून, बरेच उत्तरेला आहे. तेथे मेक्सिकन वस्ती विरळ. कृष्णवर्णीय शेजाऱ्यांकडून ब्लूज, गोऱ्यांच्या रेडिओवरून कंट्री आणि घरातून रांचेरा, अशा तीन सुरांत या मुलाचे कान घडले. लिटल जो यांच्या पुढील संगीतातील सरमिसळ ही कुणा प्रयोगशील कलावंताची नंतर सुचलेली युक्ती नव्हती, ती बालपणीची वस्तुस्थिती होती, हे येथे लक्षात घ्यावे.

त्यांचा चुलतभाऊ डेव्हिड कोरोनादो याने ‘लॅटिनेअर्स’ नावाचा छोटा वाद्यवृंद काढला होता. किशोरवयीन जो त्यात गिटार वाजवू लागले. १९५५ मध्ये जवळच्या कॅमेरन गावी पहिला बिदागीचा कार्यक्रम झाला. प्रत्येकाच्या वाट्याला पाच डॉलर आले. कोरोनादो बाहेर पडल्यावर वाद्यवृंदाची सूत्रे जो यांच्याकडे आली आणि ‘लिटल जो’ हे नाव पुढे लागले. ‘लॅटिनेअर्स’ हे नाव पाहावे. ‘एअर्स’ हा शेवट त्या काळच्या अमेरिकी गायकवृंदांच्या नावांत फार चालत असे. या मुलांनी आपली ‘लॅटिन’ ओळख त्या चलनी प्रत्ययात गुंफली. एकसारखे कोट, नीट विंचरलेले केस, रॉक अँड रोलचा ठेका. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी काढलेल्या पहिल्या तबकडीचे नाव होते ‘सफारी’, आणि ती शब्दविरहित होती. कोणत्या भाषेत गावे हा प्रश्न ज्या समाजापुढे उभा आहे, त्याच्या तरुण वाद्यवृंदाने पहिली तबकडी मुकी काढावी, हा योगायोगच असेल. पण आम्हांला तो बोलका वाटतो.

त्या काळी तेहानो कलावंतांपुढे दुसरा एक मार्गही खुला होता. रिओ ग्रांदेच्या खोऱ्यातील सान बेनितो गावच्या बाल्देमार उएर्ता या गायकाने पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ‘फ्रेडी फेंडर’ असे इंग्रजी नाव धारण केले. ‘फेंडर’ हे तर गिटारच्या कंपनीचे नाव. सान अँटोनिओच्या सनी ओसुना यांचे इंग्रजी प्रेमगीत १९६३ मध्ये राष्ट्रीय यादीत झळकले. इंग्रजी नाव, इंग्रजी गाणे, आणि त्यातून राष्ट्रीय बाजारपेठ, असा हा मार्ग होता. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. ज्याच्या मूळ नावाचा उच्चारही निवेदकाला करता येत नाही, त्याने काय करावे? फेंडर यांना तर त्या मार्गावरही कारावास आणि विस्मरण वाट्याला आले. १९७५ मध्ये इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत गायिलेल्या एका गीताने त्यांना अखेर देशभर पहिल्या क्रमांकावर नेले.

लिटल जो यांच्या बाबतीत वळण आले ते एका मृत्यूमुळे. त्यांचा भाऊ जेसी याच वाद्यवृंदात होता. १९६४ मध्ये मोटार अपघातात त्याचे निधन झाले. भावाच्या थडग्यापाशी जो यांनी हे संगीत शिखरावर नेण्याची शपथ घेतली, असे सांगितले जाते. चरित्रकथांत अशा शपथा फार असतात, म्हणून आम्ही तिच्यावर भिस्त ठेवणार नाही. मात्र त्यानंतरच्या ध्वनिमुद्रणांकडे बोट दाखवता येते. डॅलसच्या एका छोट्या कंपनीसाठी साठच्या दशकाच्या मध्यास त्यांनी ‘पोर उन आमोर’ हे जुने रांचेरा गीत गायिले आणि ते टेक्ससभर गाजले. धाकटा भाऊ जॉनी आता सोबतीला होता. दोन भावांचे आवाज समांतर अंतर ठेवून एकत्र चालतात, ही मेक्सिकन युगुलगानाची जुनी रीत. मागे मात्र अद्ययावत पितळी वाद्यांचा ताफा. ग्रामीण गळा आणि शहरी साज यांचा हा संसार लोकांना भावला, कारण तो त्यांचा स्वतःचाच संसार होता.

याच सुमारास टेक्सस ढवळून निघत होते. सेझार चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांनी कॅलिफोर्नियात शेतमजुरांची संघटना उभारली होती. १९६५ मध्ये डेलानो येथे द्राक्षमळ्यांतील संप सुरू झाला. १९६६ च्या उन्हाळ्यात टेक्ससच्या स्टार काउंटीतील खरबुजाच्या शेतांत मजुरांनी संप केला आणि ताशी सव्वा डॉलर मजुरीची मागणी घेऊन ते रिओ ग्रांदेपासून राजधानी ऑस्टिनपर्यंत पायी चालत गेले. १९७० च्या जानेवारीत क्रिस्टल सिटी येथे ‘ला रासा उनीदा’ हा स्वतंत्र पक्ष स्थापन झाला. ‘चिकानो’ हा शब्द पूर्वी हिणवण्यासाठी वापरला जाई; आता तरुण तो छातीवर मिरवू लागले.

लिटल जो यांचा या काळात सान फ्रान्सिस्कोच्या परिसराशी निकटचा संबंध आला. तेथे लॅटिन रॉक आणि जॅझ यांचे नवे मिश्रण त्यांनी ऐकले, आणि चिकानो चळवळ जवळून पाहिली. १९७० मध्ये लॅटिनेअर्स संपले. कोट उतरले, दाढ्या आणि केस वाढले, आणि वाद्यवृंद ‘ला फामिलिया’, म्हणजे ‘कुटुंब’, झाला. ‘लॅटिनेअर्स’ हे नाव बाहेरच्याला उद्देशून होते : आम्हीही तुमच्यासारखेच आहोत, असे ते सांगे. ‘ला फामिलिया’ हे नाव घरच्यांना उद्देशून आहे. आता पाहणाऱ्याची नजर बदलली नव्हती, आपण कोणाच्या नजरेसमोर उभे आहोत याची निवड बदलली होती. आणि तरीही ‘लिटल जो’ हे इंग्रजी टोपणनाव कायम राहिले. त्याचे ‘होसेसितो’ झाले नाही. दोन भाषांतील दोन नामे, आणि मध्ये स्पॅनिश ‘ई’. काही तबकड्यांच्या वेष्टनांवर त्या जागी नुसते जोडचिन्ह छापलेले आढळते. ते चिन्ह ज्याने त्याने आपापल्या भाषेत वाचावे. तेहानो माणूस मात्र ते दोन्ही भाषांत वाचू शकतो.

१९७२ मध्ये ‘पारा ला हेन्ते’, अर्थात ‘लोकांसाठी’, हा गीतसंग्रह आला. त्यातील ‘लास नुबेस’ (ढग) हे गाणे चिकानो शेतमजुरांचे जणू राष्ट्रगीत बनले. हे गाणे जो यांचे स्वतःचे नव्हे. त्यात संपाचा उल्लेख नाही, मालकाचा नाही, मजुरीचा नाही. एक दुःखी जीव आहे, वरून जाणारे ढग आहेत, थोडी झिमझिम आहे, आणि गाण्यावरचा विश्वास आहे. मग ते चळवळीचे गाणे कसे झाले? आमच्या मते याचे उत्तर श्रोत्यांच्या कामात आहे. दिवसभर उघड्या रानात वाकून राबणाऱ्याच्या दृष्टीने ढग ही काव्यप्रतिमा नसते. ढग म्हणजे सावली. आणि पाऊस लांबला तर ढग म्हणजे बुडालेला रोजगार. गाण्याने चळवळीचे शब्द उच्चारले नाहीत, म्हणून प्रत्येकाला आपले शब्द त्यात ठेवता आले. प्रचारगीत आणि लोकगीत यांतील सीमारेषा शोधणाऱ्या अभ्यासकाने या गाण्यापाशी अवश्य थांबावे.

गाण्याची बांधणीही तितकीच अर्थपूर्ण आहे. मूळ चाल साध्या रांचेरा-पोल्काची. परंतु मधेच पितळी वाद्ये जॅझच्या वळणाने झेप घेतात आणि पुन्हा पोल्काच्या अंगणात उतरतात. पेन्या यांनी याची तुलना द्विभाषिक माणसाच्या बोलण्याशी केली आहे : तो एकाच वाक्यात स्पॅनिशमधून इंग्रजीत जातो आणि परत येतो, तसे हे संगीत एकाच ओळीत दोन परंपरांतून फिरते. आम्हांला ही तुलना फार मोलाची वाटते. अशा बोलण्याला शुद्धतावादी दोन्हीकडून नावे ठेवतात. शाळेतला शिक्षक म्हणतो, याला इंग्रजी येत नाही. सीमेपलीकडचा नातेवाईक म्हणतो, याला स्पॅनिश येत नाही. ‘ला ओन्दा चिकाना’ या नावाने ओळखल्या गेलेल्या सत्तरच्या दशकातील या संगीताने त्या दुहेरी कमीपणाचे रूपांतर दुहेरी सामर्थ्यात केले. त्याच सुमारास वाङ्मयातही हेच घडत होते. क्रिस्टल सिटीत जन्मलेल्या तोमास रिव्हेरा यांची स्थलांतरित शेतमजुरांवरील स्पॅनिश कादंबरी १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन भाषांच्या मिश्रणालाच गद्यशैली बनवणारा ग्लोरिया आन्साल्दुआ यांचा सीमाप्रदेशावरील ग्रंथ १९८७ मध्ये आला. कालक्रम पाहिला तर या वाटेवर आधी वाद्यवृंद चालला, ग्रंथ मागून आला, असे म्हणावे लागते.

येथवर आम्ही गौरवाचाच सूर लावला. आता दोन आक्षेपांचा विचार करणे भाग आहे. पहिला पेन्या यांच्या वर्गविचाराविषयी. ओर्केस्ता हे मध्यमवर्गाचे संगीत असेल, तर कापूस वेचणाऱ्याचा मुलगा त्याचा सर्वांत मोठा नायक कसा झाला? आणि शेतमजुरांनी आपले गाणे कॉन्हुन्तोतून न निवडता याच्या पितळी वाद्यांतून का निवडले? पेन्या यांची विभागणी पन्नासच्या दशकापर्यंत उपयुक्त आहे. लिटल जो यांच्यापाशी ती अपुरी पडू लागते. गरिबाला गरिबीचेच संगीत आवडते, हा समज अभ्यासकाच्या सोयीचा आहे. कष्टकऱ्यालाही झळाळता ट्रम्पेट हवा असतो, फक्त त्या ट्रम्पेटने त्याला परके करू नये एवढीच त्याची अट असते. लिटल जो यांनी ती अट पाळली. ‘हायतोन’ आणि ‘रांचेरो’ यांच्यामध्येही त्यांनी एक ‘आणि’ ठेवला.

दुसरा आक्षेप ‘कुटुंब’ या रूपकाविषयी. चळवळीतील स्त्रियांनी पुढे दाखवून दिल्याप्रमाणे चिकानो राष्ट्रवादाचे ‘कुटुंब’ पुरुषप्रधान होते. ओर्केस्ताचा मंच तर जवळपास सर्वस्वी पुरुषांचा. वास्तविक तेहानो संगीताच्या पहिल्या महान आवाजांपैकी एक लिडिया मेंडोसा (१९१६–२००७) यांचा, बारा तारांची गिटार घेऊन एकटीने गाणाऱ्या स्त्रीचा. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात लॉरा कनालेस पुढे आल्या, आणि नव्वदच्या दशकात सेलेना या तरुण गायिकेने तेहानो संगीताला अभूतपूर्व प्रसिद्धी मिळवून दिली. १९९५ मध्ये, चोविसावे वर्ष पूर्ण होण्याआधीच, तिची हत्या झाली. ‘ला फामिलिया’ हे नाव उच्चारताना त्या घरात कोणाला दिवाणखाना मिळाला आणि कोणाला उंबरठ्याबाहेर स्वतःचे घर बांधावे लागले, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. लिटल जो यांच्या कर्तृत्वाने तो मिटत नाही.

मान्यता उशिरा आली. ‘१६ दे सेप्तिएम्ब्रे’ या गीतसंग्रहाला १९९२ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १६ सप्टेंबर हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन. पुढे तेहानो संगीतासाठी स्वतंत्र ग्रॅमी विभाग असताना २००८ आणि २०११ मध्येही त्यांच्या वाद्यवृंदाला तो मिळाला. यांपैकी २००८ च्या संग्रहाचे शीर्षकगीत होते फ्रेडी फेंडर यांनी १९७५ मध्ये गाजवलेले तेच द्विभाषिक गीत. फेंडर २००६ मध्ये निवर्तले होते. नाव बदलून बाहेर गेलेला गायक आणि नाव बदलून घरी परतलेला गायक, दोघांच्या वाटा अखेर दोन भाषांच्या एकाच गाण्यापाशी मिळाल्या. २०११ नंतर मात्र ग्रॅमीचा स्वतंत्र तेहानो विभाग बंद झाला आणि हे संगीत प्रादेशिक मेक्सिकन संगीताच्या विभागात समाविष्ट करण्यात आले. ज्यांचे पूर्वज सीमा सरकली तेव्हा जागीच उभे होते, त्यांच्या संगीताला पुन्हा एकदा सीमेपलीकडचे ठरवण्यात आले.

वर्गीकरण करणाऱ्यांना ‘किंवा’ हा शब्द प्रिय असतो. अमेरिकन किंवा मेक्सिकन, शहरी किंवा ग्रामीण, लोकसंगीत किंवा बाजारू संगीत. साहित्याचे अध्यापन करताना आम्हीही फळ्यावर अशाच जोड्या मांडत आलो आहोत. टेंपलच्या कापूसरानातून आलेल्या या गायकाने त्या जोड्यांमधले अव्यय बदलले. तेहानो लग्नांत आणि मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाच्या समारंभांत ‘लास नुबेस’ सुरू झाले की आजी आणि नात एकत्र नाचायला उठतात. आजीला शाळेत स्पॅनिशबद्दल छडी बसलेली असते, नातीला स्पॅनिश धड येतही नसते. त्या दोघींना जोडणारे जे काही त्या मिनिटांपुरते असते, त्याला आम्ही या लेखात ‘आणि’ म्हटले आहे.